शाळा कोणाची, मुलं कोणाची

दहावीचा निकाल लागला की अकरावीच्या याद्या घेऊन बसलेल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "त्यांना निम्म्या जागा, मग आपल्या पोरांनी जायचं कुठे?" 'त्यांना' म्हणजे कोणाला, असे विचारले तर बहुतेक वेळा एकाच धर्माचे नाव पुढे येते. मुंबईत ज्या कॉलेजांवरून ही तक्रार होते, त्यांतली कित्येक मात्र मुसलमानांची नाहीत आणि ख्रिश्चनांचीही नाहीत. के. सी. आणि जय हिंद ही सिंधी भाषक अल्पसंख्याकांची कॉलेजे आहेत, मिठीबाई गुजराती भाषकांचे.

अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढून चालवण्याचा हक्क देणाऱ्या राज्यघटनेच्या ३० व्या कलमात धर्म आणि भाषा हे दोन्ही आधार शेजारीशेजारी लिहिलेले आहेत. आपण त्यातला एकच लक्षात ठेवला. शिवाय अल्पसंख्य कोण, हे त्या त्या राज्यापुरते ठरते. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींच्या पीठाने २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात तसे स्पष्ट केले. त्याच्याही आधी, १९७१ मध्ये, पंजाबातल्या डी. ए. व्ही. कॉलेजांनी हा हक्क न्यायालयातून मिळवला होता, कारण पंजाबात हिंदू अल्पसंख्य आहेत. बेळगावात मराठी माणूस भाषिक अल्पसंख्याक ठरतो. सीमाभागातल्या मराठी शाळांबद्दल आपण ज्या तळमळीने बोलतो, त्या शाळांना घटनेत जो आधार आहे, तोच भिवंडीतल्या उर्दू शाळेला आहे. एका शाळेसाठी तो हक्क आणि दुसरीसाठी तो लाड, असे म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट महाराष्ट्रात तरी विसरू नये. देशातल्या बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त लोक याच राज्यात राहतात. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या ६५ लाखांच्या वर होती. बौद्ध, जैन, शीख, पारशी हे सगळे कायद्याने अल्पसंख्याक आहेत.

दुसरा समज असा की या संस्थांत फक्त 'त्यांचीच' मुले शिकतात. कायद्यानेही तसे चालत नाही. सरकारी अनुदान घेणाऱ्या कोणत्याही शाळेला केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा पाहून प्रवेश नाकारता येत नाही. २९ वे कलम तसे सांगते. प्रत्यक्षातले चित्र राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या २०२१ च्या अहवालात आहे. अल्पसंख्याक शाळांत शिकणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक समाजांबाहेरचे आहेत.

पण आकड्यापेक्षा मला माझगावची एक शाळा जास्त काही सांगते. कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या राहिलेला, घरात मराठी बोलणारा बेने इस्राएल हा ज्यू समाज. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे, म्हणून गावोगाव त्यांना 'शनवार तेली' म्हणत. मुंबईत आलेल्या या समाजाच्या मुलांसाठी हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७५ साली शाळा काढली. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे तिला त्यांचे नाव मिळाले. १९४८ नंतर ज्यू कुटुंबे हळूहळू इस्राएलला गेली आणि वर्गातली मुले बदलत गेली. आज तिथे शिकणारी बहुसंख्य मुले मुसलमान आहेत. ज्यूंनी बांधलेली शाळा, मराठी मुलुखात, मुसलमान मुलांनी भरलेली. आपल्या शहरात हे घडले याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

तिच्या एकच वर्ष आधी, १८७४ मध्ये, बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. हेच तय्यबजी १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मुसलमान मुलांनी इंग्रजी आणि विज्ञान शिकावे, हा त्यांचा आग्रह होता. भायखळ्याचे साबू सिद्दीक तंत्रनिकेतन याच संस्थेचे आहे. तिथून बाहेर पडलेल्या मुलांना नोकरी देताना कारखानदार डिप्लोमा पाहतो.

मदरशांचे बोलू. 'त्यांची मुले शाळेत जात नाहीत, मदरशात जातात' हे तर चांगली शिकलेली माणसेही ठामपणे सांगतात. न्या. राजिंदर सच्चर यांच्या समितीने २००६ च्या अहवालात मोजून दाखवले की शाळकरी वयाच्या मुसलमान मुलांपैकी साधारण ३ टक्केच मदरशांत शिकतात. मग डोक्यावर टोपी घालून रोज मशिदीकडे जाणारी मुले कोण? ती मक्तबात जातात. तास-दीड तास कुराणाचे पठण, आणि एरवी महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा. मक्तब आणि मदरसा यांतला फरक न कळल्याने हा गोंधळ होतो. सच्चर समितीला खरी काळजी वेगळीच होती : ६ ते १४ वयाच्या मुसलमान मुलांपैकी चौथा हिस्सा शाळेत गेलाच नव्हता किंवा मध्येच गळाला होता. कारणे होती गरिबी आणि जवळपास चांगली शाळा नसणे. मुलींच्या बाबतीत तर घरापासूनचे अंतर हाच मोठा अडथळा. आणि जिथे शाळा पोचली तिथे काय होते, हे महाराष्ट्रातच दिसते. २००१ च्या जनगणनेत इथल्या मुसलमानांची साक्षरता ७८ टक्के होती, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा थोडी जास्तच.

मिशनच्या शाळा-दवाखान्यांबद्दल थोडक्यात. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेल्या इस्पितळात सांगली-कोल्हापूरपासून कर्नाटकापर्यंतच्या किती घरांतले रोगी बरे झाले असतील! धर्मांतराचे आरोप काही ठिकाणी झाले आणि त्यांची शहानिशा जरूर व्हावी. पण देशात ख्रिश्चनांचे प्रमाण १९५१ मध्ये २.३ टक्के होते आणि २०११ मध्येही २.३ टक्केच.

एक तक्रार मात्र मला रास्त वाटते. शिक्षणहक्क कायद्यातल्या गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागांची अट अल्पसंख्याक शाळांना लागू नाही; सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने ही सूट पक्की केली. बालहक्क आयोगाच्या त्याच अहवालाप्रमाणे या शाळांत वंचित घरांतली मुले ९ टक्क्यांहून कमी आहेत. आपल्याच समाजातल्या गरिबाला दार बंद ठेवणारी शाळा कोणाची सेवा करते? २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीही त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यास सांगितले. ते बरे झाले.

राहिला 'सरकारी पैशाची खैरात' हा शेवटचा समज. अल्पसंख्याक मुलांसाठीची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २००८ पासून सुरू झाली. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत हवे असे, आधीच्या परीक्षेत ५० टक्के गुण हवे असत, आणि जागा ठरावीक होत्या. घरून शाळेत जाणाऱ्या मुलाला निर्वाह भत्ता म्हणून महिना १०० रुपये मिळत, तेही वर्षातले १० महिने. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीय मुलांसाठी शिष्यवृत्त्यांच्या वेगळ्या योजना आहेतच, त्यामुळे कोणाच्या ताटातले काढून कोणाला वाढले असे झालेले नाही. शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण मोफतच आहे, असे सांगून २०२२ मध्ये पहिली ते आठवीसाठीची ही शिष्यवृत्ती बंद झाली. फी माफ असली तरी वह्या, चपला, पावसाळ्यातली छत्री आणि एसटीचे भाडे घरालाच द्यावे लागते, आणि त्या १०० रुपयांत तेवढेच भागत होते.