फोल्डर गेलंय!

नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईभोवतीच्या गल्ल्यांत, मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही काउंटरवर फुटका फोन ठेवा. कारागीर तो उलटासुलटा करून बघतो आणि निकाल देतो, "फोल्डर गेलंय, दादा." आता या सपाट काचेच्या वडीत घडी पडण्यासारखं आहे काय? पण टच आणि डिस्प्ले एकत्र चिकटवलेल्या भागाला दुकानात फोल्डरच म्हणतात. हा शब्द कानावर पडला की मला फोल्डिंगचे मोबाइल आठवतात. त्यातही एक विशेष आठवतो, ज्याच्या झाकणातून आरपार दिसायचं.

ऑक्टोबर २००८. नांदेडला गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा. पंजाबपासून परदेशापर्यंतचे भाविक शहरात उतरलेले. गुरुद्वाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चहाच्या गाड्याजवळ एका पाहुण्यानं खिशातून फोन काढला. झाकण मिटलेलं होतं आणि तरी आतला स्क्रीन दिसत होता! चहावाल्याचा हात गाळणीवरच थांबला. तो मोटोरोलाचा ए-१२०० होता, 'मिंग' नावाचा. चिनी भाषेत मिंग म्हणजे उजळ, प्रकाशमान. २००६ साली आलेला हा फोन मुळात चिनी गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवूनच घडवला होता.

फोनला घडी घालायची गरज का पडली, याचं उत्तर आपल्या चेहऱ्यावर आहे. कान आणि तोंड यांतलं अंतर खिशाला विचारून ठरलेलं नाही. बोलताना फोन लांब हवा, ठेवताना आखूड. १९९६ च्या मोटोरोला स्टारटॅकनं हा पेच बिजागरीनं सोडवला आणि पुढं झाकणवाल्या फोनची रांगच लागली. वर स्क्रीन, खाली बटणं आणि मधे बिजागरी, अशी त्यांची ठेवण. मोटोरोलाचाच २००३ चा एमपीएक्स-२०० तर विंडोजवर चालणारा स्मार्टफोन. म्हणजे संगणकाची अक्कल आली, पण ठेवण तीच राहिली.

या ठेवणीत खरी परीक्षा कुणाची? लोक प्रोसेसरचं नाव सांगतात. दुरुस्तीवाला पट्टीकडं बोट दाखवतो. बटणांच्या बाजूला असलेल्या मुख्य बोर्डातून झाकणातल्या स्क्रीनपर्यंत वीज आणि चित्र पोचवायचं, तेही सतत वाकणाऱ्या जागेतून. साधी तार तिथं टिकत नाही. म्हणून प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर तांब्याच्या बारीक रेघा ओढलेली पट्टी बिजागरीतून गुंडाळून नेतात. दुकानातल्या भाषेत स्ट्रिप. झाकण उघडलं की ती उलगडते, मिटलं की वळते. दिवसातून पन्नास वेळा उघडझाप धरली तर वर्षाला अठरा हजारांवर वळणं झाली. एक रेघ तडकली की स्क्रीन पांढरा पडतो किंवा झाकण एका ठरावीक कोनात धरलं तरच चित्र दिसतं. मान वाकडी करून फोन अर्धवट उघडा धरलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील! त्यात आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ. काळ्या मातीची ती पिठासारखी भुकटी बिजागरीत गेली की ती करकरायला लागायची.

झाकण उघडताच फोन उचलला जायचा, त्यात जादू नव्हती. झाकणात चिमुकलं चुंबक आणि समोरच्या अंगात ते ओळखणारा सेन्सर. चुंबक लांब गेलं म्हणजे झाकण उघडलं, एवढंच त्याला कळायचं. फोन ठेवायचा तो मात्र ठाप्‌कन मिटून. रागानं फोन ठेवण्याचं ते सुख आता नाही. काचेवर बोट कितीही जोरात दाबलं तरी पलीकडच्याला राग कळत नाही.

मिंगकडे परत येऊ. आत लिनक्स, इंटेलचा ३१२ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २ मेगापिक्सेलचा कॅमेरा, एफएम रेडिओ, मायक्रोएसडी कार्डाची जागा. स्क्रीन २४० बाय ३२०, म्हणजे ७६,८०० ठिपके. आजच्या १०८० बाय २४०० च्या फोनवर याच्या जवळजवळ चौतीसपट भरतात. वाय-फाय नाही, थ्री-जी नाही. पण कॅमेरा जवळ नेऊन व्हिजिटिंग कार्डाचा फोटो काढला की नाव-नंबर वाचून घेण्याची सोय होती. आणि अंकांची बटणं नव्हतीच! टचस्क्रीनवर काडीनं लिहायचं, कारण चिनी अक्षरं बारा बटणांत कोंबण्यापेक्षा हातानं गिरवणं सोपं.

मला वाटतं, फोल्डिंगच्या फोनचा शेवट याच फोनमध्ये दिसू लागला होता. बटणं गेली, तसा सगळा स्क्रीन खालच्या अंगात आला. मग वरच्या झाकणाला राखण करण्यापलीकडं मोठं काम उरलं नाही, म्हणूनच ते पारदर्शक करणं परवडलं. घराला भिंतीच उरल्या नाहीत आणि दार तेवढं नक्षीदार, तसं. पुढच्याच वर्षी, २००७ साली, आयफोननं दारही काढून टाकलं.

बिजागरी मात्र परत आली. २०१९ पासून मोटोरोला, सॅमसंग यांनी स्क्रीनच मधोमध वाकवणारे फोन काढले. परवा लातूरला एका दुकानात असाच एक महागडा फोन आलेला. कारागिरानं तो उघडमीट करून बघितला. "हे इथं न्हाई व्हायचं. कंपनीकडंच धाडावं लागंल."

शेजारी एक गावाकडचे वडील ट्यूशनला आलेल्या पोरासाठी इंटरनेट नसलेला फोन बघत होते. दुकानदारानं फोल्डिंगचा साधा कीपॅडवाला पुढं केला. त्यांनी किंमत विचारली नाही. आधी झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, कानाजवळ नेऊन मिटलं.

"वाजतंय चांगलं," म्हणाले.