दृष्टी अधू, शिक्षण अधुरे नको

अंध मुलांना शिकवते असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या मनात पांढरी काठी, काळा चष्मा आणि ब्रेलचे जाडजूड पुस्तक उभे राहते. माझ्या यादीतल्या बहुतेक मुलांजवळ यांपैकी काहीच नाही, कारण त्यांना थोडेफार दिसते. कुणाला हातभर अंतरावरचे, कुणाला फक्त नाकासमोरचे, कुणाला केवळ दिवसा. पण नेमके किती आणि कसे दिसते, हे घरच्यांना ठाऊक नसते, शाळेला ठाऊक नसते आणि त्या मुलालाही सांगता येत नाही. इतरांना याहून निराळे दिसते, हे त्याला कळावे तरी कसे?

मी फिरती विशेष शिक्षिका आहे. जत तालुक्यातील काही गावे माझ्याकडे आहेत. मला स्वतःची शाळा नाही की वर्ग नाही. मूल आपल्या गावच्या शाळेत चारचौघांबरोबर शिकते आणि मी एस.टी.ने त्याच्यापर्यंत जाते. केंद्र सरकारने १९७४ साली अपंग मुलांसाठी एकात्म शिक्षणाची योजना आणली, तेव्हापासून ही कल्पना आपल्याकडे आहे. पुढे सर्व शिक्षा अभियान आले, २०१८ पासून समग्र शिक्षा आहे. पिशवीत ब्रेलची पाटी व स्टायलस, गणिताची टेलर फ्रेम, दोन-तीन भिंगे, जाड काळी स्केचपेने आणि एक बॅटरी. तालुका अफाट पसरलेला. सकाळची उमदीची किंवा संखची गाडी चुकली, की तो दिवस गेलाच. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की आईबापांमागोमाग मूलही कारखान्याच्या तळावर जाते, आणि शिकवलेले ठिपके तीन-चार महिन्यांत पुसट होतात.

डॉक्टरांच्या कागदावर ६/६० असा आकडा असतो. वाचकांनी तो एकदा समजून घ्यावा. सामान्य डोळ्याला जे अक्षर साठ मीटरवरून दिसते, ते या मुलाला सहा मीटरवर आल्यावर दिसते, एवढाच त्याचा अर्थ. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी असेल, तर २०१६ च्या कायद्याने ती अधू दृष्टी, आणि ३/६० च्याही खाली गेली तर अंधत्व. (दृष्टीची कक्षा फार आकसली असली, तरी हेच दोन प्रकार मानले जातात.) आकड्यावरून प्रमाणपत्र मिळते. वर्गात बसवायचे कुठे, हे मात्र आकडा सांगत नाही.

आता हेच पाहा. एका शाळेत जन्मतः वर्णहीन असलेला मुलगा होता. केस पांढरे, कातडी गुलाबी, बुबुळे सतत हलणारी. हे कोड नव्हे. शरीरात रंगद्रव्यच कमी तयार होते, आणि त्यामुळे डोळ्यांची वाढही कमी पडते. गुरुजींनी मोठ्या मायेने त्याला खिडकीजवळ बसवले होते, भरपूर उजेड मिळावा म्हणून. पण अशा डोळ्यांना उजेड टोचतो. पोर बिचारे दिवसभर डोळे मिचकावत बसे. खिडकीकडे पाठ करून त्याला दुसऱ्या बाकावर बसवले, वर्गातही टोपी घालण्याची परवानगी मिळवली आणि तो फळ्यावरची तारीख वाचू लागला. मान एका बाजूला वळवून पाहण्याची त्याची खोड होती. बाप टपली मारून मान सरळ करी. त्या कोनात बुबुळे कमीत कमी हलतात आणि अक्षर स्थिर होते, म्हणून त्याने ती युक्ती स्वतःच शोधून काढलेली! ती मोडू नये.

दुसरा गैरसमज तर घराघरांत आहे. पुस्तक डोळ्यांना चिकटवून वाचले, की डोळे आणखी खराब होतात म्हणे. अधू दृष्टीचे मूल पुस्तक जवळ घेते, कारण जवळ घेतल्याने अक्षर मोठे दिसते. त्याने डोळा बिघडत नाही. अशा मुलाच्या हातून पुस्तक ओढून घेणे म्हणजे लंगड्याची कुबडी काढून घेण्यासारखे आहे. उलट त्याला उतरते डेस्क द्यावे, जाड रेघांची वही द्यावी, आणि फळ्यावर लिहिताना गुरुजींनी तोंडाने उच्चार करावा. या शेवटच्या गोष्टीला तर पैसाही पडत नाही. मात्र जे मूल आजवर ठीक वाचत होते आणि आता पुस्तक जवळ घेऊ लागले, त्याला आधी नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. कदाचित साध्या चष्म्याने काम होईल.

सगळ्यांत अवघड काम मात्र आज दिसणाऱ्या मुलाला उद्यासाठी तयार करण्याचे. नववीतल्या एका मुलीचे सांगते. पाचवीत असताना तिच्याविषयी तक्रार आली, की ही ढोंग करते. वर्तमानपत्रातली बारीक अक्षरे धडाधड वाचते आणि पायाशी ठेवलेल्या घागरीला ठेचकाळते. दिवेलागणीनंतर अंगणात उतरत नाही. घरच्यांनी गाजरे आणि शेवग्याचा पाला खाऊ घालून पाहिला. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारा रातांधळेपणा वेळीच उपचार केल्यास बरा होतो. त्याच्या प्रतिबंधासाठी तर बाळाला नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत नऊ डोस देतात. हिचा आजार तो नव्हता. मिरजेला तपासणी झाली तेव्हा कळले, की डोळ्याच्या मागच्या पडद्यातील पेशी हळूहळू निकामी होत आहेत. वैद्यकीय नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा. आधी रात्रीची नजर जाते, मग कडेची. एक डोळा झाकावा आणि कागदाची सुरळी करून दुसऱ्या डोळ्याने तिच्यातून घरभर चालून पाहावे, म्हणजे ढोंग की काय ते कळेल. अशा मुलाला कधी कधी पहिल्या बाकापेक्षा मागच्या बाकावरून फळा अधिक दिसतो, कारण लांबून सगळा फळा त्या सुरळीत मावतो.

चष्म्याने हा आजार हटत नाही. नेत्रदानातून मिळते ते डोळ्याचे पुढचे पारदर्शक पटल. मागचा पडदा बदलता येत नाही. पडद्याच्या अशा विकारांपैकी एका विशिष्ट जनुकदोषावर २०१७ साली अमेरिकेत जनुकोपचाराला मान्यता मिळाली, पण तो दोष मोजक्या रुग्णांतच आढळतो. म्हणून मी ब्रेलची पाटी काढली. तिची आई म्हणाली, "बाई, दिसतंय की तिला. ते टोचायचं काम आत्तापासनं कशाला? वंगाळ चिंतू नका." तिचे तरी काय चुकले? पण बोटांना ठिपके ओळखायला कित्येक महिने लागतात, आणि नजर गेल्यावर शिकायला बसणारे मूल शोक करील की अक्षरे गिरवील?

मग मी सगळ्या वर्गालाच ऑफ तासाला सहा ठिपके शिकवले. 'अ' म्हणजे पहिला ठिपका, 'क' म्हणजे पहिला आणि तिसरा. भारतीय भाषांसाठी १९५१ साली जी एक ब्रेल ठरली, तीत एका उच्चाराला सगळीकडे एकच खूण आहे. आमच्या पूर्व भागात पुष्कळ घरांत कानडी बोलतात. मराठीतला 'क' आणि कानडीतला 'क' बोटाला सारखाच लागतो, याची मुलांना फार गंमत वाटली. दोन मैत्रिणी आणि ती, तिघी एकमेकींना चिठ्ठ्या टोचू लागल्या. आता ती डोळे मिटून पान वाचते, सावकाश, पण वाचते. पांढरी काठी मात्र तिने अजून हातात धरलेली नाही. आई विरोध करीत नाही. एवढेच म्हणते, की पाहुण्यांसमोर ती पाटी काढू नको.

पाहुण्यांचा संबंध पुढे आहे. तिचे आईवडील नात्यातले, आतेमामे भावंडे. एकाच घराण्यातला दडलेला दोष दोघांकडे असेल, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. थोरल्या मुलाचेही मामाच्याच मुलीशी बोलणे चालले आहे. लग्ने जुळवणे-मोडणे हे माझे काम नव्हे. मी वडिलांना एवढेच म्हटले, की दादा, सुपारी फुटण्याआधी एकदा मिरजेच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. ते बराच वेळ गप्प बसले, मग चहा मागवला. अद्याप काही ठरलेले नाही.

पालकांनी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. तीन महिन्यांचे बाळ आईच्या चेहऱ्याकडे टक लावत नसेल, बाहुली पांढरी दिसत असेल किंवा फोटोत एक डोळा पांढरा चमकत असेल, तर 'मोठेपणी बघू' म्हणू नये. जन्मतः असलेल्या मोतीबिंदूला उशीर झाला, तर नंतरच्या शस्त्रक्रियेने डोळा स्वच्छ होतो, पण मेंदू पाहायला शिकलेला नसतो. आणि पांढरी बाहुली कर्करोगाचीही असू शकते. चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळाचा पडदा तीस दिवसांच्या आत तपासून घ्यावा. माझा एक पूर्ण अंध विद्यार्थी असाच कमी दिवसांचा. पेटीतून वाचून घरी आला, याचाच सर्वांना आनंद. डोळ्यांचे कुणी बोललेच नाही.

मूल मोठे झाले असेल आणि दहावी जवळ आली असेल, तर लेखनिक आणि तासामागे वीस मिनिटे जादा मिळतात. त्यासाठी प्रमाणपत्र लागते, म्हणून आठवीतच त्याच्या मागे लागावे. लेखनिकाला उत्तर सांगण्याचा सरावही लागतो, तो आम्ही करून घेतो. आपल्या गावात असे मूल असेल, तर मुख्याध्यापकांना सांगावे किंवा पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाची चौकशी करावी. येताना डॉक्टरांचे जुने कागद आणि मुलाची एक लिहिलेली वही आणावी. कागदापेक्षा वहीतून मला अधिक कळते.