पवनचक्कीवाल्याचा मुलगा

रेम्ब्रांटची एक गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल. ॲम्स्टरडॅमच्या नागरी पथकातील मंडळींनी वर्गणी काढून त्याच्याकडून आपले सामुदायिक चित्र करवून घेतले. त्याने कुणाचा चेहरा उजेडात आणला, कुणाचा अंधारात बुडवला. मंडळी चिडली, गिऱ्हाइके तुटली आणि चित्रकार भिकेला लागला. नाटकाच्या तिसऱ्या अंकाला शोभेल अशी ही गोष्ट आहे. ती खरी नाही, एवढीच तिची अडचण! १६४२ सालच्या त्या ‘नाइट वॉच’चे त्याला सुमारे १६०० गिल्डर मिळाले आणि पुढेही बड्या लोकांची कामे त्याच्याकडे येत राहिली. शिवाय ते चित्र मुळी रात्रीचे नाहीच. वॉर्निशाचे थर काळवंडत गेले आणि दिवसाची रात्र झाली. १७१५ साली तर नव्या जागी मावेना म्हणून त्याच्या कडा चक्क कापून टाकल्या!

लायडन गावच्या एका पवनचक्कीवाल्याच्या घरी १६०६ साली हा मुलगा जन्मला. विद्यापीठात त्याचे नाव घातले होते, पण त्याचे मन रंगांत. १६३१च्या सुमारास तो ॲम्स्टरडॅमला आला आणि पुढच्याच वर्षी ‘डॉक्टर टुल्प यांचा शरीररचनेचा पाठ’ या चित्राने नावारूपाला चढला. प्रेताच्या हाताचे स्नायू चिमट्याने उचलून दाखवणारे डॉक्टर आणि भोवती दाटीने उभे असलेले ते सात श्रोते पाहिले, की मला माझा शेवटचा तास आठवतो आणि थोडा हेवाही वाटतो.

१६३४ साली सास्कियाशी लग्न झाले. १६३९ साली १३,००० गिल्डरांचे मोठे घर घेतले, तेही बरेचसे उधारीवर. त्यात या गृहस्थाला संग्रहाचा भारी नाद. चित्रे, शिरस्त्राणे, शंखशिंपले, पुतळे. लिलावात दिसेल ते हवे. दिवाळखोरीचे मूळ शोधायचे तर ते या घरात आहे. संसाराचे म्हणाल तर पहिली तीन मुले तान्हेपणीच गेली, चौथा टायटस जगला, आणि तो वर्षाचाही नसताना सास्किया गेली. तिला तिशीही लागली नव्हती.

यापुढचा भाग रेम्ब्रांटचे भक्त भरभर उरकतात. टायटसला सांभाळायला आलेल्या खेर्त्ये डिर्क्स या विधवेशी त्याचे संबंध जुळले. मग घरात हेंड्रिक्ये ही तरुण मोलकरीण आली आणि खेर्त्ये नकोशी झाली. लग्नाचे वचन मोडले म्हणून तिने त्याला न्यायालयात खेचले. १६४९ साली निकाल लागला: त्याने तिला वर्षाला २०० गिल्डर द्यावेत. पण सास्कियाचे दागिने तिने गहाण टाकले होते. पुढच्याच वर्षी तिला सुधारगृहात डांबण्यात आले आणि त्यात रेम्ब्रांटने पुढाकार घेतला. पाच वर्षे ती तिथे होती. म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या इतक्या मायेने रंगवणारा माणूस हे करू शकला. ‘कलावंत हे असेच असायचे’ म्हणून मला हे सोडून देता येत नाही. खेर्त्ये काही कलावंत नव्हती.

१६५६ साली दिवाळे निघाले. सरकारी कारकुनाने घरातल्या चीजवस्तूंची ३६३ नोंदींची यादी केली आणि १६५८ साली घरही विकले गेले. याच पडत्या वर्षांच्या सुमारास त्याने जे केले ते ऐकून आपल्याला गंमत वाटेल. डचांची वखार सुरतेला होती. तिकडून येणाऱ्या मालाबरोबर मोगल लघुचित्रेही ॲम्स्टरडॅमला पोचत. रेम्ब्रांटने ती समोर ठेवून काढलेली तेवीस रेखाटने आज उपलब्ध आहेत. त्यांत जहांगीर आहे, शाहजहान आहे. एरवी त्याची लेखणी घाईत लिहिलेल्या पत्रासारखी पळते. इथे मात्र जाम्याची चूण, पटक्याची गाठ, पगडीचा पेच तो नव्या विद्यार्थ्यासारखा जपून गिरवतो, आणि तेही पूर्वेकडून आलेल्या महागड्या कागदावर. झाडाखाली बसलेल्या चार वृद्धांचे एक मोगल चित्र त्याला इतके आवडले, की १६५६ साली बायबलमधल्या अब्राहामाच्या दारी देवदूत जेवायला आल्याचे चित्र ताम्रपटावर कोरताना त्याने तीच बैठक योजली. शाहजहान तेव्हा दिल्लीत तख्तावर होता. आपली पगडी हॉलंडात कोण गिरवतो आहे याची त्याला काय कल्पना!

त्याने स्वतःचीच चित्रे ऐंशीच्या आसपास काढली. त्यांतली दोन लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत: एक चौतिसाव्या वर्षीचे, एक त्रेसष्टाव्या. त्यांच्या छापील प्रती मी घरी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. पहिल्यात कठड्यावर कोपर टेकलेला, मखमलीतला सुखवस्तू गृहस्थ. दुसऱ्यात सुजलेले नाक, ओघळलेले गाल. माझ्या मुलीने विचारले, “हे त्यांचे वडील का हो, बाबा?”

हेंड्रिक्ये १६६३ साली गेली, टायटस १६६८ साली. टायटसची मुलगी त्याच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी जन्मली. त्याच वर्षी, ४ ऑक्टोबर १६६९ रोजी, रेम्ब्रांट वारला. चित्रशाळेत एक चित्र अपुरे राहिले होते; ते आता स्टॉकहोमला आहे. त्यात जख्ख म्हातारा सिमिऑन तान्ह्या येशूला हातांवर घेऊन उभा आहे. डोळे जवळजवळ मिटलेले, ओठ किंचित उघडे. आणि बोटे ताठ, मूल पडेल की काय या भीतीने धरावीत तशी.