होम थिएटरचा रिसीव्हर मध्येंच कां बंद पडतो ?

घरांतील एखादें यंत्र चालतां चालतां बंद पडलें, कीं आपण प्रथम त्याच्या पाठीवर दोन थापा मारतों आणि मग दुकानदारास दोष देतों. विचार करण्याची पाळी सर्वांत शेवटीं येते. आमच्या हातूनही असेंच झालें.

गेल्या वैशाखांत एका दुपारीं जळगांवीं आमच्या घरीं सर्व मंडळी आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट पाहण्यास बसली होती. ज्या साने गुरुजींच्या पुस्तकावरून तो काढला, ते आमच्याच जिल्ह्यांत अमळनेर येथें शिक्षक होते. तेव्हां उत्साह मोठा. अर्ध्या तासानें रिसीव्हर, म्हणजे आवाज वाढवून सर्व स्पीकरांस पुरविणारी पेटी, एकाएकीं मुका झाला. दहा मिनिटांनीं कळ दाबली तों सुरू. थोड्या वेळानें पुनः बंद. आजी म्हणाल्या, “त्याला ऊन लागलें असेल.” आम्ही सारे हंसलों. परंतु आजींचें निदान बरोबर होतें.

रिसीव्हर जी वीज घेतो ती सर्वच आवाजाच्या कामीं येत नाहीं. तिचा बराच भाग उष्णतेंत जातो. ती उष्णता ट्रान्झिस्टरांपासून अ‍ॅल्युमिनियमच्या पाकळ्यांत व पाकळ्यांतून हवेंत जावी अशी योजना असते. हवा २५ अंशांऐवजीं ४३ अंशांची असली, म्हणजे पाकळ्याही सुमारें १८ अंशांनीं अधिक तापतात. खानदेशांतील उन्हाळ्यांत ही गोष्ट नित्याची आहे. त्यांत आम्ही ती पेटी बंद कपाटांत ठेवून धूळ बसूं नये म्हणून वर विणलेलें आच्छादन घातलेलें ! ठराविक मर्यादा ओलांडतांच आंतील रक्षक योजना वीज तोडते. तेव्हां बंद पडणें हा येथें रोग नसून रोगाची सूचना आहे.

यावरून आम्ही एक नियम शिकलों : यंत्र कां बंद पडलें हें विचारण्यापूर्वीं तें केव्हां बंद पडलें हें पाहावें. आमचा रिसीव्हर सकाळीं दोन तास बिनतक्रार चाले व दुपारीं अर्ध्या तासांत थांबे. एवढ्यावरूनच उष्णतेचा संशय यावयास हवा होता. पेटी उघड्या मांडणीवर ठेवली, चोहों बाजूंस वीतभर जागा सोडली, छिद्रांवरील धूळ कोरड्या मऊ ब्रशानें झाडली आणि काम झालें. मात्र कूलरचा दमट झोत पेटीवर सोडूं नये.

धुळ्यास आमच्या मामांच्या घरीं प्रकार निराळा होता. तेथें आवाज मोठा केला कीं तत्क्षणीं रिसीव्हर थांबे. चौकशी करतां कळलें, कीं मामांनीं गच्चीवरील दोन जादा स्पीकर आंतील दोहोंच्याच तारांस जोडले होते. हें कोडें ओहम या शास्त्रज्ञानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमानें सुटतें. ८ ओहमच्या एका स्पीकरास २० व्होल्ट दाब दिला तर अडीच अँपिअर प्रवाह वाहतो, म्हणजे ५० वॅट खर्च होतात. तसाच दुसरा त्याच्या शेजारीं जोडला, कीं दोहोंचा मिळून रोध ४ ओहमच उरतो. प्रवाह ५ अँपिअर व खर्च १०० वॅट होतो. एका बैलावर दोन बैलांचें ओझें घातलें, तर तो बसणारच ! जादा स्पीकर काढतांच तक्रार मिटली.

कळ दाबतांच रिसीव्हर बंद होत असेल, तर स्पीकरांच्या तारा पाहाव्यात. एका तारेचा केसाएवढा तंतु दुसरीस चिकटला तरी तेवढ्यानें भागतें. भिंतींतील कळ बंद करून सर्व तारा सोडवाव्या व एकेक स्पीकर जोडून पाहावा. घरांतील दिवेही त्याच वेळीं मंद होत असतील, तर दोष बाहेरच्या विजेचा समजावा. अगदीं ठराविक वेळानेंच तो थांबत असेल, तर आपोआप बंद होण्याची सोय कोणीं लावून ठेवली आहे काय, हेंही पाहावें.

कांहीं न जोडतांही रिसीव्हर थांबत असेल, तर दोष आंत आहे. विद्यार्थिमित्रहो, तेव्हां झांकण उघडूं नका. वीज तोडल्यावरही आंतील कपॅसिटरांत कांहीं काळ जीवघेणा साठा राहतो. तें काम जाणत्या कारागिराचें. पालकांसही विनंति, कीं फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागीं जाड तार घालूं नये. तसें केल्यास यंत्र चालेल, परंतु घरास आग लागण्याचें भय राहील. पहारेकऱ्यानें हांक मारली असतां त्याचें तोंड बांधण्यापेक्षां तो कशास ओरडला तें पाहणें बरें.

आजींची क्षमा आम्हीं त्याच रात्रीं मागितली, आणि उरलेला चित्रपट शेवटपर्यंत ऐकला.