बेंगळुरूचे दोन संचालक, संसदेचे दोन कायदे

ऑनलाइन खेळांविषयीचे विधेयक २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडले गेले आणि गदारोळातच त्याच दिवशी संमत झाले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेने चर्चेविना त्यास मान्यता दिली. तिसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची मोहोर उमटली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या प्रत्येक ऑनलाइन खेळावर, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, बंदी आली. बेंगळुरूच्या साई श्रीनिवास यांची कारकीर्द ज्या पायावर उभी होती, तोच या तीन दिवसांत निखळला.

श्रीनिवास आणि शुभ मल्होत्रा यांची ‘क्रिओ’ ही पहिली कंपनी २०१७ मध्ये ‘हाइक’ने विकत घेतली. पुढच्याच वर्षी दोघांनी ‘मोबाइल प्रीमियर लीग’ अर्थात एमपीएल स्थापन केली. खेळाडूंनी प्रवेशशुल्क भरावे, विजेत्यांना बक्षीस मिळावे आणि कंपनीने आपला हिस्सा राखावा, असा हा व्यवसाय. विराट कोहली जाहिरातीत आले. २०२० मध्ये भारतीय क्रिकेट संघाच्या गणवेशाचे प्रायोजकत्वही मिळाले. सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीचे मूल्यांकन सुमारे २३० कोटी डॉलरवर गेले. त्याच महिन्यात कर्नाटक विधिमंडळाने अशा खेळांवर बंदी घातली. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

जुन्या खटल्याचा आधार

हा दिलासा ज्या तत्त्वावर मिळाला, त्याचे मूळही बेंगळुरूतच आहे. आर. एम. डी. चमारबागवाला हे तेथील एका कंपनीचे संस्थापक व व्यवस्थापकीय संचालक. त्यांच्या ‘स्पोर्टिंग स्टार’ साप्ताहिकातील शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांना मुंबई राज्यातून मोठा प्रतिसाद मिळे. मुंबई सरकारने त्यावर कर बसविला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५७ मध्ये चमारबागवाला हरले. त्यांच्या स्पर्धा जुगार ठरल्या. परंतु ज्या स्पर्धेतील यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार नव्हे, हे तत्त्व त्याच वेळी प्रस्थापित झाले. १९६७ मध्ये रमीलाही त्याचा लाभ झाला. एका संचालकाच्या पराभवातून निघालेला हा शब्द दुसऱ्याचे भांडवल ठरला.

सरकारची बदलती भूमिका

केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये नियम करून अशा खेळांच्या स्वयंनियमनाची वाट मोकळी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. त्यापूर्वीच, ऑगस्टमध्ये, एमपीएलने सुमारे ३५० जणांना कमी केले होते. २०२५ च्या बंदीनंतर भारतातील सुमारे ६० टक्के कर्मचाऱ्यांना कमी करण्याची वेळ आली. आधी नियमन, मग करआकारणी, अखेर बंदी, असा अडीच वर्षांचा हा प्रवास!

सरकारची बाजू दुर्बळ नाही. सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज. कर्जबाजारी झालेल्या कुटुंबांची आणि आत्महत्यांची उदाहरणेही समोर होती. नव्या कायद्यात असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही.

प्रश्न आहे तो मार्गाचा. जुगार हा राज्यसूचीतील विषय. म्हणूनच १९५५ मध्ये बक्षीस स्पर्धांचा कायदा करताना संसदेने मुंबईसह अनेक राज्यांच्या ठरावांचा आधार घेतला होता. घटनेच्या २५२ व्या कलमाने तो मार्ग आखून दिला आहे. २०२५ मध्ये राज्यांचे ठराव नव्हते आणि सभागृहात चर्चाही झाली नाही. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. राज्यांचा अधिकार कोठे संपतो आणि केंद्राचा कोठे सुरू होतो, हा प्रश्न त्यामुळे न्यायासनापुढे गेला. वास्तविक तो आधी सभागृहात विचारला जायला हवा होता.