कोयत्याची मूठ व तिचें लांकूड

विंचूर-लासलगांवकडे वैशाखांत उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झाली म्हणजे घरोघरचे विळे बाहेर निघतात, आणि कित्येकांच्या मुठी सैल झालेल्या आढळतात. पात्याच्या धारेविषयीं आपण शेतकरी जितके चौकस असतों, तितके मुठीविषयीं नसतों.

अलीकडे शहरांत रंगीत विदेशी लांकडाच्या मुठीचे चाकू विकले जातात. तसेंच लांकूड कोयत्यासही असावें असा मोह आम्हांस पडला, व काळ्याभोर आबनुसाची मूठ बसविलेला एक कोयता आम्हीं बाहेरगांवाहून आणला. पहिल्याच उन्हाळ्यांत मुठीस उभी चीर गेली. तिकडे दुर्लक्ष करून आम्ही बाभळीच्या फांद्या तोडीत असतां पातें निसटून उडालें, व शेजारीं मोळी बांधणारा गडी थोडक्यांत बचावला.

चूक ही कीं, कठीणपणा आणि चिवटपणा हे दोन निराळे गुण आहेत, हें आम्हीं पाहिलें नाहीं. आबनूस फार कठीण व जड खरा, परंतु आघात सोसण्याच्या कामीं तो ठिसूळ. अमेरिकेंत कुऱ्हाडीच्या दांड्यास हिकरी व इंग्लंडांत ॲश हीं लांकडें पसंत करतात. तीं आबनुसाहून हलकीं, पण लवचीक असतात. आपल्याकडे हा गुण धावडा व तिवस यांत आहे. बाभूळही चिवट असून औतांच्या कामीं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. साग हवापालटानें फारसा हलत नाहीं, म्हणून चाकूच्या मुठीस चांगला, कोयत्यास नव्हे. शिसव दिसण्यांत व टिकण्यांत उत्तम, मात्र त्याच्या भुशानें कांहीं लोकांच्या अंगास खाज सुटते. कानस मारतांना नाकातोंडास फडकें बांधावें. शिसवाच्या वंशांतील सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार सन २०१७ पासून साइटिस करारानें नियंत्रित झालेला आहे.

जातीहून अधिक महत्त्व सुकवणीस आहे. लांकडांतील ओल कोरड्या वजनाच्या सुमारें ३० टक्क्यांखालीं उतरली कीं तें आकसूं लागतें. आणि गाभ्याकडून सालीकडे जेवढें आकसतें, त्याच्या जवळजवळ दुप्पट वाढीच्या वलयांच्या दिशेनें आकसतें. चिरा पडतात त्या यामुळें. म्हणून ओंडका चिरून, टोकांस मेण लावून, सावलींत निदान एक पावसाळा व एक उन्हाळा ठेवावा. धागे मुठीच्या लांबीभर सरळ गेलेले असावेत. गांठ असलेला तुकडा, कितीही शोभिवंत असो, सुतारास परत द्यावा.

सैल मूठ रात्रभर पाण्यांत बुडविण्याची चाल आम्हांस पसंत नाहीं. लांकूड फुगून लोखंडावर दाबलें जातें, धागे चिरडतात, व वाळल्यावर मूठ पूर्वीहून अधिक सैल होते. त्यापेक्षां ती काढून भोंकांत लाख वितळवून पातें पुन्हां बसवावें, आणि तोंडाशीं लोखंडी साम घट्ट ठोकावी. वरून जवसाचें तेल चोळावें. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात.

धावड्याच्या शोधांत निघणाऱ्यांस एक सूचना. सन १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचींत साग, खैर, तिवस, अंजन इत्यादि वृक्ष आहेत. ते स्वतःच्या मालकीच्या शेतांत उभे असले तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. मुठीपुरता तुकडा वखारींतून पावती घेऊन आणावा, किंवा सुताराकडे जुन्या बैलगाडीचें मोडलेलें लांकूड मिळतें कां तें पाहावें. आमच्या कोयत्यास सध्यां तसल्याच जुन्या बाभळीची मूठ आहे.