समीकरणातील बाणाआड

फळ्यावर रसायनशास्त्राचे समीकरण मांडताना शिक्षक डाव्या बाजूस मूळ पदार्थ लिहितात, उजव्या बाजूस तयार होणारे पदार्थ लिहितात आणि मध्ये एक बाण काढतात. विद्यार्थी दोन्हीकडील अणू मोजून हिशेब जुळवितो. बाणाविषयी मात्र कोणी काही विचारीत नाही. वस्तुतः जे घडावयाचे ते सारे त्या बाणातच घडत असते. धातू वितळतो, विद्युत्‌रोधक पदार्थ एकाएकी वाहक बनतो. अशा घटनांतील 'आधी' आणि 'नंतर' विज्ञानाला पुष्कळ काळापासून ठाऊक आहे. 'मध्ये' काय झाले हे मात्र बहुतांशी अनुमानाने सांगितले जाई. ते अनुमान कितपत खरे होते, याचा पडताळा आता क्ष-किरण लेसरमुळे घेता येऊ लागला आहे.

अडचण दुहेरी होती. दोन अणूंमधील अंतर दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या हजारो पटींनी लहान असते. म्हणून साध्या प्रकाशाने अणू दिसत नाहीत, त्यासाठी क्ष-किरण लागतात. दुसरी अडचण वेगाची. घन पदार्थातील अणूंची हालचाल फेम्टोसेकंदांत मोजावी लागते. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग. एका सेकंदाशी त्याचे जे प्रमाण, तेच सुमारे तीन कोटी सतरा लाख वर्षांशी एका सेकंदाचे! क्ष-किरण होते, पण त्यांचे स्पंद फार लांब होते. आखूड स्पंदांचे लेसर होते, पण त्यांची तरंगलांबी फार मोठी होती.

ही दोन टोके कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे जुळली. तेथे १९६०नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉनांना वेग देणारे सुमारे तीन किलोमीटर लांबीचे यंत्र उभारण्यात आले. प्रोटॉनच्या अंतरंगाचा शोध घेणे हे त्याचे काम, आणि ते त्याने उत्तम प्रकारे बजावले. त्या प्रयोगांना १९९०चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुक्त इलेक्ट्रॉन लेसरची कल्पना जॉन मेडी यांनी १९७१मध्ये मांडली होती. या जुन्या यंत्रातून त्याच तत्त्वावर क्ष-किरणांचा लेसर निर्माण करावा, अशी सूचना क्लाउडिओ पेलेग्रिनी यांनी १९९२मध्ये केली. यंत्राचा शेवटचा एक किलोमीटर त्यासाठी वापरण्यात आला. वेगवान इलेक्ट्रॉन आलटून पालटून ध्रुव बदलणाऱ्या चुंबकांच्या रांगेतून नागमोडी धावतात आणि क्ष-किरण सोडतात. हे किरणच इलेक्ट्रॉनांना पातळ थरांत बांधतात, मग सर्व इलेक्ट्रॉन एका ठेक्यात किरण सोडू लागतात आणि तेज प्रचंड वाढते. एप्रिल २००९मध्ये हा लेसर प्रथम प्रकाशला.

योगायोग असा की, ज्या विद्यापीठाच्या जमिनीवर हे यंत्र उभे आहे ते लीलंड स्टॅनफर्ड यांच्या अश्वशाळेच्या जागी स्थापन झाले, आणि त्याच अश्वशाळेत १८७८मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी बारा कॅमेरे ओळीने मांडून धावत्या घोड्याचे चारही पाय क्षणभर जमिनीवरून सुटलेले असतात हे दाखविले होते. क्ष-किरणांचा प्रयोगही त्याच जातीचा. आधी एका साध्या लेसरचा स्पंद पदार्थाला धक्का देतो. ठराविक विलंबाने क्ष-किरणांचा स्पंद येतो आणि त्या क्षणीची अणूंची रचना टिपतो. विलंब बदलीत प्रयोग पुनःपुन्हा करावयाचा आणि चित्रे क्रमाने लावावयाची. फरक एवढाच की मायब्रिजचा घोडा एकच होता. येथे प्रत्येक चित्रासाठी घोड्याला नव्याने धाववावे लागते, आणि कित्येक प्रयोगांत तर एका चित्रासरशी नमुन्याची वाफ होते. अणूंचा 'चित्रपट' हा शब्द वापरताना एवढे भान असलेले बरे.

या प्रयत्नातून हाती काय आले? व्हॅनेडियम डायऑक्साइड हा पदार्थ सुमारे ६८ अंश सेल्सियसच्या खाली विद्युत्‌रोधक असतो. त्यातील व्हॅनेडियमचे अणू तेव्हा जोडीजोडीने उभे असतात. तापमान वाढले की जोड्या मोडतात, अणू समान अंतरावर येतात आणि पदार्थ वाहक होतो. लेसरच्या धक्क्याने हाच बदल अत्यल्प काळात घडतो. सर्व अणू एका तालात, ठरलेल्या वाटेने, कवायत करणाऱ्या शिपायांप्रमाणे नव्या जागी सरकतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाई. २०१८मध्ये सायमन वॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डच्या क्ष-किरणांनी हा बदल पाहिला. ठळक ठिपक्यांबरोबरच, एरव्ही दुर्लक्षिला जाणारा मधला अंधूक प्रकाशही त्यांनी मोजला; कारण अव्यवस्थेची साक्ष तेथेच मिळते. कवायत नव्हतीच! सुमारे १५० फेम्टोसेकंदांत प्रत्येक अणू जवळजवळ स्वतंत्रपणे इतस्ततः हलला होता. शाळा सुटल्याची घंटा होताच मुले जशी बाकांवरून उठतात, तसे. वर्ग दोन्ही प्रकारे रिकामा होतो. रिकामा वर्ग पाहून तो कसा रिकामा झाला हे सांगता येत नाही.

दुसरे उदाहरण सोन्याचे. वितळणबिंदूच्या सुमारे तिपटीपलीकडे कोणताही घन पदार्थ घनरूपात टिकणे शक्य नाही, असा सिद्धान्त १९८८मध्ये मांडला गेला होता. जुलै २०२५मध्ये थॉमस व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० नॅनोमीटर जाडीच्या सोन्याच्या पत्र्याला लेसरने एकाएकी तापविले. परतलेल्या क्ष-किरणांच्या कंप्रतेतील सूक्ष्म फरकावरून अणूंचा वेग, म्हणजेच तापमान, मोजले. ते १९,००० केल्विन भरले, वितळणबिंदूच्या चौदा पटींहून अधिक, आणि सोने तरीही स्फटिकरूप होते. तापणे इतके जलद की प्रसरण पावण्यास त्याला अवसरच मिळाला नाही.

एवढ्यासाठी चाळीस कोटी डॉलरांहून अधिक खर्च करावा काय, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु जुने यंत्र उभारणाऱ्यांनाही क्ष-किरण लेसरची कल्पना नव्हती, हे विसरून चालणार नाही.

आपल्या देशात असा क्ष-किरण लेसर नाही. इंदूरचे इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन क्ष-किरण देते, पण त्याचे स्पंद या कामाला फार लांब पडतात. आशियात जपानने २०११मध्ये आणि पुढे दक्षिण कोरियाने असे लेसर उभारले. आपणही उद्याच उभारावा, असा आग्रह प्रस्तुत लेखक धरणार नाही. स्टॅनफर्डच्या यंत्रावरील वेळ प्रस्तावाच्या गुणवत्तेवर दिला जातो, आणि निष्कर्ष प्रसिद्ध करणाऱ्यांस त्यासाठी शुल्क पडत नाही. सप्टेंबर २०२३मध्ये कार्यान्वित झालेल्या त्याच्या नव्या विभागाची क्षमता सेकंदाला दहा लाख स्पंदांपर्यंत आहे. पूर्वीच्या यंत्राची १२० होती. अडचण प्रस्तावाच्या अलीकडची आहे. आपल्या महाविद्यालयांतील प्रात्यक्षिकांत उत्तर आधीच ठरलेले असते. त्याच्या जवळ जाणारे वाचन बरोबर आणि दूर जाणारे चूक. मधला अंधूक प्रकाश मोजण्याची बुद्धी अशा वहीत कोठून यावी? पदव्युत्तर वर्गात निदान एक प्रयोग तरी असा द्यावा की ज्याचे उत्तर शिक्षकालाही ठाऊक नाही, आणि त्याचे गुण केवळ निरीक्षणांच्या नोंदींवर द्यावेत. त्यासाठी मोठ्या यंत्राची गरज नाही. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी मनावर घेतले तर येत्या वर्षापासूनही आरंभ करता येईल.